टेबलावरचा हिरवा कपडा

हिंगणघाटला आमचं गाद्या-सोफ्याचं छोटं दुकान आहे. लाकूड आणि फोमचं काम हे बघतात, कव्हरं मी शिवते. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एक माणूस दुकानात आला आणि म्हणाला, "भाईजान, माझ्या पूल टेबलाचा कपडा फाटलाय. नवा नागपूरहून आणलाय. बसवून द्याल का?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्याच पार्लरवरून आमच्या घरात अबोला होता.

आमचा मधला मुलगा तेव्हा बारावीला होता. क्लासला म्हणून निघायचा आणि तिथे जाऊन बसायचा. हरेल त्याने टेबलाचं भाडं भरायचं, असा तिथला रिवाज. हरत गेला आणि उधारी झाली. घरात कळलं तेव्हा ह्यांचा हात उठला. त्यानंतर तीन महिने बापलेकांत सलामापलीकडे शब्द नव्हता.

हे काम नाही म्हणतील असं मला वाटलं. पण म्हणाले, "कपडा ताणून बसवायचा आहे. मेहनतीचे पैसे आहेत." कारागीर तापाने पडला होता आणि कामाला तीन माणसं हवी होती. मुलाला एवढंच म्हणाले, "चल." पाठोपाठ मीही निघाले. ज्या जागेला रोज शिव्या दिल्या, ती त्या सकाळी पहिल्यांदा पाहिली. पंखे बंद, खुर्च्या रिकाम्या आणि मधोमध एक टेबल.

खालचे बोल्ट काढून कडेच्या रबराच्या पट्ट्या आधी सोडवल्या. मग कपडा लाकडाला जिथे पिनांनी ठोकला होता, तिथली एकेक पीन पेचकसाने उचलायची आणि पकडीने ओढायची. शेकडो पिना. एक जरी राहिली तरी कपडा फाटतो, हातही फाटतो. कपडा उचलला तशी निळी धूळ उडाली. काठीच्या टोकाला घासतात त्या खडूची. आम्ही तोंडाला रुमाल बांधले. खाली निघाली काळ्या दगडाची गुळगुळीत फरशी, तीन तुकडे जोडलेली, सांध्यांत मेण भरलेलं. ह्यांनी पाणसळ ठेवून पाहिली आणि कौतुकाने मान हलवली.

कपड्यावर एका जागी पांढरे ठिपके होते. ह्यांनी विचारलं, "हे कसले?"

तीन महिन्यांतला तो पहिला प्रश्न. मुलगा म्हणाला, "अब्बा, डाव सुरू करताना पांढरा बॉल जोरात मारतात. तो घासून कपडा जळतो." मग स्वतःहून सांगू लागला. या कपड्याला लव असते, हात फिरवला की एका बाजूला मऊ लागते, उलट बाजूला अडते. नवा कपडा बसवताना लव डाव फोडायच्या टोकाकडून समोर जायला हवी, ब्रशही त्याच दिशेने मारायचा. हे ऐकत राहिले. त्याने सांगितलं तसाच कपडा लावला. दोघांनी दोन टोकं धरून ताणला, पिना मी दिल्या.

जुना कपडा मालक कचऱ्यात टाकणार होता. मी मागून घेतला. वाटेत मुलाने सांगितलं की, याचाच भाऊबंद असलेला स्नूकर 1875 मध्ये आपल्या शेजारच्या जबलपूरला इंग्रज फौजेत सुरू झाला, आणि पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 मध्ये बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. पूर्वी हा खेळ बाहेर हिरवळीवर खेळत, म्हणून कपडाही हिरवा. माझ्या मुलाला इतकं काही माहीत आहे, हे मला ठाऊकच नव्हतं.

अंगणात कपडा झटकताना शेजारच्या खाला आल्या. "गिरडला चढवायला चादर घेतली का गं?" खरं सांगितलं तर दोन पावलं मागे सरल्या.

आपला जिल्हा कापसाचा, पण हा कापूस नव्हता. एक धागा जाळून पाहिला. केस जळल्यासारखा वास आला, म्हणजे लोकर. टोकाशी कडक गोळी झाली, म्हणजे त्यात नायलॉनही. लोकरीला गरम पाणी चालत नाही, आटते. म्हणून आधी ब्रशने खडू झाडला, मग थंड पाण्यात रिठे चोळून तीनदा धुतला, न पिळता सावलीत पसरला. मधला भाग झिजलेला होता, पण रबराखालच्या कडा कोऱ्या होत्या. झिजलेल्या भागातून शिलाई मशीनखाली घालायला जाड घडी केली, आवाज निम्मा झाला. खुर्च्यांच्या पायांना गोल तुकडे चिकटवले. एका चांगल्या पट्ट्याचं जानमाज शिवावं असं मनात आलं आणि तिथेच हात थांबला. खालांचे शब्द आठवले, "जुगाराच्या टेबलावरचा कपडा, त्यावर सजदा?"

ह्यांनी इमामसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "कपडा पाक आहे, धुतलाही आहे. त्याने काय गुन्हा केला? पण हरणाऱ्याने सगळे पैसे भरायचे, हा जुगारच. तो मुलाला सोडायला सांगा." दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच आवाजात सांगितल्या. आम्ही मात्र इतके दिवस टेबलालाच दोष देत बसलो होतो. मुलगा तिथे का रमतो, तिथे त्याला काय येतं, हे दोघांनीही कधी विचारलं नव्हतं.

त्या कामाच्या पैशांतून ह्यांनी मुलाला कारागिराची पूर्ण मजुरी दिली. त्याने उधारी फेडली. आता तो आयटीआयला जातो. महिन्यातून एखाद्या वेळी खेळतोही, पण भाडं आधीच निम्मं-निम्मं ठरवून आणि अब्बांना सांगून. बारावीत गुण कमीच पडले, ते परत येणार नाहीत. त्याची सल मला आहे.

जानमाज दुकानात आहे. हिरवं, साधं, कडेला पांढरी शिलाई. जोहरच्या वेळी हे आधी त्यावर उभे राहतात, सुट्टी असली की मागून मुलगा. पोरांना शिक्षा करण्याआधी त्यांच्याजवळ बसून दोन गोष्टी विचारण्याची बुद्धी अल्लाह आम्हा सगळ्या आईबापांना देवो. आमीन.