गल्ल्यावरचा होकार

बाजारपेठेतील दर्शनी मांडणीचे, म्हणजे रस्त्याने जाणाऱ्याने थबकावे म्हणून काचेमागे, फळीवर किंवा दारावरच्या दोरीला लावलेल्या मालाचे छायाचित्रण हे वरवर पाहता सोपे काम वाटते, कारण विषय हलत नाही, लाजत नाही आणि दिवसभर जागेवर असतो. परंतु पुण्याच्या तुळशीबागेत किंवा लक्ष्मी रस्त्यावर हे काम करू पाहणाऱ्याला लवकरच उमगते की उजेड आणि भिंग यांच्याआधी त्याला गल्ल्यावर बसलेल्या माणसाचा विचार करावा लागतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ५२ वे कलम सार्वजनिक ठिकाणी कायमस्वरूपी असलेल्या शिल्पाचे किंवा कलात्मक कारागिरीच्या वस्तूचे छायाचित्र घेण्याची मुभा देते, पण विक्रीस मांडलेला माल कायमस्वरूपी नसतो, आणि तसाही कलमाचा दाखला देऊन कोणा दुकानदाराचा होकार मिळाल्याचे ऐकिवात नाही.

परवानगीची निकड तंत्रातूनच उभी राहते. काचेवर समोरच्या इमारतीचे, रिक्षांचे आणि स्वतः छायाचित्रकाराचे प्रतिबिंब पडते. ध्रुवक, म्हणजे परावर्तित प्रकाशाचा ठरावीक भाग अडवणारा काचेचा फिल्टर, तिरक्या कोनातून हे प्रतिबिंब पुष्कळ कमी करतो, पण काचेसमोर सरळ उभे राहिल्यास त्याचा फारसा उपयोग होत नाही, आणि मग काळे कापड धरणे किंवा आत जाणे एवढेच मार्ग उरतात. शोकेसमधील स्वस्त एलईडी दिवे ५० हर्ट्‌झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकत असल्याने फार वेगवान शटर ठेवले तर चित्रात आडवे पट्टे उमटू शकतात. शटर मंद करावे तर तिपाई लागते, आणि गर्दीच्या पदपथावर दुकानासमोर तिपाई रोवणारा माणूस न विचारता तेथे फार वेळ उभा राहू शकत नाही.

विचारण्यालाही वेळ असते. सकाळी देवाला उदबत्ती लावल्यापासून भवानी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, होईपर्यंत दुकानदाराला काही न घेणारा माणूस दारात नको असतो आणि संध्याकाळी त्याला मान वर करायला फुरसत नसते. दुपारच्या बंदच्या थोडे आधी (ज्या बंदवर पुण्याबाहेरच्यांनी गरजेपेक्षा जास्त विनोद केले आहेत) ‘काका, तुमच्या मांडणीचा फोटो घेतला तर चालेल का?’ या प्रश्नाला निदान ऐकून घेतले जाते. मात्र होकाराची वेळ आणि उजेडाची वेळ क्वचितच जुळत असल्याने जाणता छायाचित्रकार दुपारी शब्द घेतो आणि दिवे लागल्यावर परत येतो. नोकराने दिलेला होकार मालक येईपर्यंतच टिकतो, हेही तो जाणून असतो.

नकाराला बहुधा तऱ्हेवाईकपणा समजले जाते, आणि ते अन्यायाचे आहे. साडीवाल्याला हंगामातला नवा नमुना शेजारच्या पेढीपर्यंत पोहोचण्याची धास्ती असते. सराफाला दागिन्यांपेक्षा कुलपे, कॅमेरे आणि दारांच्या जागा चित्रात येण्याची चिंता असते. पदपथावर हातभर पुढे सरकलेल्या दुकानाला मात्र अतिक्रमण विभाग आठवतो आणि कॅमेरेवाला त्या विभागाचाच माणूस वाटतो. यांतील शेवटची भीती कोणी बोलून दाखवत नाही, म्हणून ‘मालक नाहीत, नंतर या’ हे उत्तर खुद्द मालकाकडूनही मिळते. चौकटीत कोणता भाग येणार हे पडद्यावर दाखवले की पुष्कळदा अडचण सुटते. दाखवूनही न सुटल्यास पुन्हा आग्रह धरू नये.

होकाराची खरी अडचण नकाराहून सूक्ष्म आहे, कारण होकार मिळताच मांडणी बदलते. कसबा पेठेतील तांबट आळीत, जेथे तांब्याच्या भांड्यांवर हातोडीने ठोके देऊन उठावदार पोत आणण्याचे मठारकाम चालते, दुकानदार छायाचित्रासाठी काळवंडलेला बंब मागे सारून उजळवलेली कळशी पुढे आणतो. तुळशीबागेत पितळी भातुकलीवरचा फडका झटकला जातो आणि उतरंड पुन्हा रचली जाते. युजेन आत्जेने १९२५ मध्ये पॅरिसच्या गोबलँ मार्गावरील दुकानांची टिपलेली चित्रे, ज्यांत काचेतले पुतळे आणि काचेवर पडलेली रस्त्याची प्रतिमा एकमेकांत मिसळतात, पाहिलेल्याला असा हस्तक्षेप म्हणजे चित्राची हानी वाटते. हे मत अर्धेच खरे आहे. मांडणी ही मुळातच गिऱ्हाइकासाठी केलेली रचना असते आणि कॅमेऱ्यासमोर दुकानदार तीच रचना अधिक ठामपणे करतो. बंब मागे का गेला आणि कळशी पुढे का आली, यातून त्याला आपल्या मालातले काय मिरवावेसे वाटते ते कळते, जे न विचारता टिपलेल्या चित्रात कळत नाही. म्हणून त्याला थोपवण्यापेक्षा आवरण्याच्या आधीचे आणि नंतरचे अशी दोन्ही चित्रे घेण्याची मुभा मागणे अधिक फलदायी ठरते.

काही मांडण्यांवर दुकानदाराचा एकट्याचा अधिकार नसतो. गणेशोत्सवाआधी मूर्तींच्या मंडपात ज्या मूर्तींवर नावाची चिठ्ठी लागते त्या कोणाच्या तरी घरच्या झालेल्या असतात, आणि घरी नेताना मूर्तीचे तोंड झाकण्याची रीत पाळणाऱ्याला तिचे चित्र आधीच सर्वत्र फिरलेले रुचेलच असे नाही. तेथे चिठ्ठी नसलेल्या रांगेकडे वळणे योग्य. वॉकर एव्हान्सने १९३६ मध्ये अमेरिकेतील सव्हॅना येथे एका फोटो स्टुडिओची काच टिपली, जिच्यामागे अनोळखी माणसांचे शेकडो लहान चेहरे ओळीने लावलेले होते. आजच्या गल्लीतील स्टुडिओसमोर तसाच प्रयत्न करणाऱ्याने त्या चेहऱ्यांच्या वतीने होकार द्यायला स्टुडिओवाला कितपत पात्र आहे, हे स्वतःशी ठरवूनच शटर दाबावे.

होकार कशासाठी घेतला, हेही तेव्हाच स्पष्ट व्हावे लागते, कारण प्रदर्शनासाठी दिलेला होकार जाहिरातीला लागू होत नाही आणि दुकानाची पाटी चित्रात दिसावी की नाही याबद्दल दुकानदारांची मते अगदी टोकाची असतात. छापील प्रत नेऊन दिली तर ती बहुधा गल्ल्यामागे देवाच्या तसबिरीशेजारी लागते, आणि पुढच्या वेळी शेजारच्या दुकानात परवानगी मागताना तीच दाखवता येते.