टाकीतली सोबत

2006 साली अम्मी गेली. चाळिसावा झाल्यावर मी अब्बांना मुंब्र्याला माझ्या घरी घेऊन आले. भाऊ कुवेतला, गावचं घर रिकामं. तिथे अब्बांनी एकट्यानं राहावं हे मला पटेना. लेकीच्या घरी राहायचा मात्र त्यांना फार संकोच. "जावयाच्या घरात म्हाताऱ्यानं किती दिवस काढायचे?" हे ते गाडीतून उतरेपर्यंत म्हणत होते.

आमचं घर दोन खोल्यांचं. हॉलमध्ये खिडकीजवळ अब्बांची खाट टाकली. टीव्ही आतल्या खोलीत हलवला. मुलांना ताकीद दिली, "नानांना त्रास द्यायचा नाही. हॉलमध्ये दंगा करायचा नाही." मुलं शहाणी, त्यांनी ऐकलं. शाळेतून आली की सलाम करून सरळ आत जायची. अब्बांची आपण किती काळजी घेतो, असं मला वाटायचं. अब्बा दिवसभर खिडकीतून समोरच्या इमारतीकडे बघत बसायचे.

फिश टँक आणायची कल्पना माझ्या नवऱ्याची. अब्बांचा सगळा जन्म दाभोळच्या खाडीवर गेलेला. पाग खांद्यावर टाकून ते पहाटे निघायचे. मासे दिसले की त्यांचं मन रमेल, असा आमचा हिशेब. एका रविवारी क्रॉफर्ड मार्केटला गेलो आणि दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी टाकी घेतली. साधारण पन्नास लिटर पाण्याची. मासे मुलांनी निवडले. दोन गोल्डफिश, दोन एंजल, तीन टायगर बार्ब, सहा निऑन टेट्रा, एक निळा फायटर आणि काच साफ करायला एक सकर. "सगळे एकत्र राहतात ना?" मी विचारलं. "राहतात, राहतात," दुकानदार पिशव्यांना रबर लावता लावता म्हणाला.

संध्याकाळी टाकी लागली, दिवा लागला, शेजारपाजारचे बघून गेले. अब्बांनी बराच वेळ निरखून पाहिलं आणि एवढंच विचारलं, "हे सगळे एकाच पाण्यातले आहेत का गं?" मला प्रश्न कळलाच नाही.

पहिल्याच आठवड्यात एक गोल्डफिश गेला. आम्ही घाबरून सगळं पाणी बदललं, तर दुसराही गेला. मासे पाण्यात जी घाण टाकतात तिच्यातून अमोनिया तयार होतो. तो पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी टाकी भरून टाकली, किंवा स्पंज नळाखाली खळखळून धुतला, की मासे आपल्याच घाणीत गुदमरतात. हे मला नंतर कळलं. शिवाय गोल्डफिश थंड पाण्यातला, घाण जास्त करणारा आणि वीतभर वाढणारा. त्या टाकीत त्याची जागाच नव्हती.

मग टायगर बार्बनी फायटरच्या शेपटीची लक्तरं केली. एंजलचे खाली लोंबणारे लांब पर कुरतडले. मुलं त्यांना गुंड म्हणू लागली. अब्बा म्हणाले, "गुंड नाहीत ते. तिघंच आहेत ना, म्हणून. आपसांत भांडायला त्यांना माणसं पुरत नाहीत." अब्बांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं, पण गोष्ट खरी होती. टायगर बार्ब आठ-दहांच्या थव्यात ठेवले तर त्यांची पाठशिवणी बरीचशी थव्यातच चालते. दोघं-तिघं ठेवले की ते दुसऱ्यांचे पर धरतात. आणि थवा ठेवला तरी लांब परांचा, संथ मासा त्यांच्या शेजारी ठेवू नये.

काही महिने गेले. एंजल तळहाताएवढे झाले. एका सकाळी मी चहा घेऊन आले तर अब्बा म्हणाले, "निऑन पाचच राहिले." दुसऱ्या आठवड्यात चार. मेलेला मासा कुठे दिसेना. अब्बा फजरच्या आधी उठायचे, त्यांनी ते अंधुक उजेडात पाहिलं होतं. रात्री निऑनचा रंग उतरतो, ते मलूल होऊन पानाआड थांबतात. त्या वेळी एंजल हळूच येतो आणि तोंडात मावेल तो गिळतो. दोघंही ॲमेझॉनच्या खोऱ्यातले, म्हणजे पाणी एकच. पण तोंडाचं माप वेगळं. "पाणी एक असलं म्हणजे झालं असं नाही," अब्बा म्हणाले. "खाडीत बोय थव्यानं हिंडते, गोब्रा कपारीत एकटा बसतो. त्यांना एका डबक्यात घाल, बघ काय होतं ते."

मी पुन्हा मार्केटला गेले, या वेळी अब्बांना बरोबर घेऊन. दुसऱ्या एका दुकानात एक वयस्कर गृहस्थ बसले होते. त्यांनी मासे दाखवण्याआधी आम्हालाच प्रश्न विचारले. टाकी केवढी? पाणी नळाचं की बोअरिंगचं? आमच्या इमारतीत बोअरिंगचं पाणी यायचं, किटलीत पांढरा थर बसायचा. ते म्हणाले, असं जड पाणी निऑनला मानवत नाही. गप्पी आणि प्लॅटीला मानवतं. गप्पी घ्यायचे तर एका नरामागे दोन-तीन माद्या घ्या, नाहीतर एकाच मादीच्या मागे लागून नर तिचा जीव घेतात. वनस्पती दाट लावा, लपायला आडोसा हवा. तळाला वावरणारे कोरिडोरास सहा तरी घ्या, एकटा कोरी कोपऱ्यात बसून राहतो. वर, मध्ये, तळाला अशी माणसं वाटून घेतली की टाकीत भांडण कमी होतं. अब्बा प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते. परतताना गाडीत ते माझ्याशी इतके बोलले, तेवढे वर्षभरात बोलले नव्हते.

एंजल आणि टायगर बार्ब त्या गृहस्थांनीच परत घेतले. सकर तोवर वीतभर झाला होता, पुढे तो फूटभराच्याही वर जातो. शेजारी म्हणाले, तलावात सोडून द्या, सवाब मिळेल. अब्बांनी साफ नकार दिला. "परका मासा तिथल्या माशांच्या पोटावर पाय देईल." आज हेच सकर देशातल्या कितीतरी तलावांत आणि नद्यांत माजलेले आहेत, तेव्हा मला अब्बांचं ते वाक्य आठवतं. उरलेले चार निऑन आणि सकर एका ओळखीच्यांच्या चार फुटी टाकीत गेले.

राहिला फायटर. त्याच्यासाठी पंधरा लिटरची छोटी टाकी घेतली. वर झाकण, कारण तो उडी मारतो. झाकणाखाली चार बोटं जागा मोकळी, कारण तो वर येऊन हवेतूनही श्वास घेतो. ती टाकी अब्बांच्या खाटेशेजारी ठेवली. महिन्याभरात त्याची शेपूट पुन्हा भरून आली. (हा सयामचा मासा. 2019 साली थायलंडने त्याला आपला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलं. तेव्हा अब्बा नव्हते, नाहीतर मी त्यांना नक्की सांगितलं असतं.)

एका रात्री दिवा मालवायला हॉलमध्ये आले. अब्बा जागेच होते, फायटरकडे बघत.

मी म्हटलं, "एकटा आहे तरी किती खुशीत आहे नाही?"

अब्बा म्हणाले, "त्याला एकटं राहायला आवडतं, बेटा. मला नाही आवडत."

मी तशीच उभी राहिले. इतके दिवस मुलांना मीच आत पाठवत होते. टीव्ही मीच आत नेला होता. ज्या माणसानं चाळीस वर्षं खाडीवर दहा जणांच्या आरडाओरड्यात काढली, त्याला मी आदरानं, अदबीनं एका बरणीत ठेवलं होतं. आणि त्याबद्दल स्वतःवर खूश होते. दुकानदारानं मला विचारलं नाही, पण मी तरी अब्बांना कुठे विचारलं होतं?

दुसऱ्या दिवशी टीव्ही परत हॉलमध्ये आला. मुलांचा दंगाही आला. अब्बा त्यांच्यावर ओरडायचे, मग त्यांनाच टाकीतल्या पिलांची गिनती करायला बसवायचे. असरनंतर मशिदीबाहेरच्या बाकावर कोकणातली चार-पाच म्हातारी मंडळी बसतात असं कळलं, तिथे नवऱ्यानं त्यांना नेऊन बसवलं. आठ दिवसांनी ते मगरिबपर्यंत घरी येईनासे झाले. "जावयाच्या घरात किती दिवस" हा प्रश्न पुन्हा निघाला नाही.

2011 साली अब्बा गेले. गप्पींच्या कितीतरी पिढ्या झाल्या, टाकी अजून तिथेच आहे. ती पाहून कुणी विचारतं, आम्हालाही ठेवायची आहे, कोणते मासे घेऊ? मी आधी विचारते, पाणी कुठलं येतं? टाकी केवढी? आणि मासा एकटा राहणारा की थव्यातला, हे पाहिलं आहे का?