घराण्याचे दात

म्हसळ्याला आमच्या घरात पन्नाशीच्या आतच दात जातात. आजीचे गेले, मोठ्या काकांचे गेले, आता आत्याची पाळी. दवाखान्यात चल म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं, "आपल्या घराण्यातच दात टिकत नाहीत गो. रक्तातच आहे. त्याला डॉक्टर काय करणार?"

मी मुंबईत जीवतंत्रज्ञानात एमएस्सी करते, त्यामुळे हे 'रक्तातच आहे' मला जरा जास्तच टोचतं. कारण ते साफ खोटं नाही. २००० साली अमेरिकेत ११७ जुळ्या जोड्यांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हिरड्यांच्या या आजारात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला साधारण निम्मा आनुवंशिक असावा, असं त्यातून निघालं. आत्याला सांगितलं तर म्हणेल, बघ! पण निम्मा म्हणजे तिचे निम्मे दात नव्हेत. आणि जनुक अंगात असणं वेगळं, ते कामाला लागणं वेगळं.

हा फरक मला नीट उमगला तो २००८ सालच्या एका अभ्यासामुळे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी ९० रुग्णांकडून दोन दातांच्या मधल्या हिरडीचे बारीक तुकडे घेतले. १८३ आजारी जागेचे, ६४ निरोगी. मिळेल तिथे दोन्ही एकाच तोंडातले. म्हणजे आईबाप तेच, प्रत्येक पेशीत वारशाने आलेला डीएनएही तोच. पण कोणती जनुकं किती चालू आहेत हे आरएनएवरून कळतं, आणि ते मोजलं तर हजारो जनुकांचं काम दोन जागी वेगळं निघालं.

आजारी हिरडीत होतं काय, तर दाताच्या मुळाशी किटण साचतं, त्यात जीवाणू वाढतात. मग पांढऱ्या पेशींना बोलावणारी जनुकं जोरात चालतात. हिरडीचे धागे कापणारी विकरं तयार होतात, हाड विरघळवणाऱ्या पेशी जाग्या होतात. चोर पकडायला आलेल्यांनीच घराची भिंत पाडावी, तसं. दात हलतो तो भिंत गेल्यामुळे. दात स्वतः बऱ्याचदा धडधाकट असतो, हे मला फार वाईट वाटतं.

त्या ९० जणांत धूम्रपान करणारं कोणी नव्हतं. आत्याही विडीला शिवत नाही. पण आजीकडून तिला जनुकं आली, तसा मशेरी भाजायचा तवाही आला. सकाळी उठल्यावर, जेवल्यावर, दुपारी चहाच्या आधी बोट डबीत जातं आणि तिथून हिरडीवर. "मशेरीनं हिरड्या घट्ट होतात, रक्त येत नाही," असं ती सांगते. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आखडतात, म्हणून रक्त कमी दिसत असेल. आत आजार चालूच राहतो. घराण्यात काय काय चालत आलंय याची यादी करताना तवा मात्र कोणी मोजत नाही.

शेवटी ती दवाखान्यात गेली ती माझ्या जुळ्यांमुळे नाही. तिच्या बावीस वर्षांच्या पोरीच्या ब्रशला रक्त लागायला लागलं म्हणून. पोरीने मशेरीला कधी बोट लावलेलं नाही.

डॉक्टरांनी खुणा असलेली बारीक सळई हिरडीच्या कडेने आत सरकवत आकडे सांगितले. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. आत्याचे सहा, सात, सहा. पोरीचे बहुतेक तीन, दोन-तीन ठिकाणी चार. आत्याने स्वतःचे आकडे ऐकून मान डोलावली. पोरीचे ऐकल्यावर मला दंडाला धरून विचारलं, "चार म्हणजे किती वाईट?"

म्हटलं, आता थांबवता येतं. तुझं गेलेलं हाड सहसा परत येत नाही, पण उरलेलं सांभाळता येतं.

दोघींचं किटण काढून झालं. तीन महिन्यांनी परत बोलावलंय. मशेरी अर्ध्यावर आणली म्हणते. तवा अजून चुलीमागेच आहे.