टॅबची कळ

सांगलीचा माझा पुतण्या संगणकाच्या नोकरीत आहे. नातेवाईकांच्या पत्त्यांचा एक छोटासा प्रोग्राम त्याने मला करून दिलाय. काळ्या पडद्यावर 'पत्ते' लिहायचं, पुढे गाव किंवा नाव, की पत्ता आणि फोन हजर. पंच्याहत्तरीत नावं टंकायचा कंटाळा येतो (ती पटकन आठवतही नाहीत, ते वेगळंच!). म्हणून परवा साताऱ्यात आला तेव्हा त्याने टॅबची सोय जोडली.

"काका, नुसता 'स' लिहा आणि टॅब दाबा."

दाबली. 'सा' झालं आणि गाडी थांबली. पुन्हा दाबली तर खाली सातारा आणि सांगली, दोन्ही नावं. 'सा'पर्यंत दोघांची वाट एकच. पुढे 'त' की अनुस्वार, ते आपण सांगायचं. मला हे फार आवडलं. मोबाईल न विचारता भलताच शब्द घुसडतो. हा गडी खात्री असेल तेवढंच लिहितो. वर्गात आम्ही शब्द अर्धा सोडायचो आणि पोरं एका सुरात पुरा करायची, तसंच काहीसं.

युक्ती जुनीच आहे म्हणे. टेनेक्स नावाच्या प्रणालीत ती होती. १९७०च्या दशकात केन ग्रीअर यांनी ती लिहायला घेतली आणि पुढे युनिक्सच्या सी शेलमध्ये जोडली. टीसीशेलमधला 'टी' टेनेक्सचाच. बॅश शेलमध्ये स्वतःच्या प्रोग्रामला अशी पूर्तता जोडायची सोय २००० साली, २.०४ आवृत्तीत आली. शब्द ठरलेले असतील तर 'कम्प्लीट' या आज्ञेला यादी दिली की भागतं. आमची यादी बदलती, म्हणून त्याने फंक्शन लिहिलं. टॅब दाबली की ते पत्त्यांची फाइल वाचतं आणि जुळणारी नावं शेलच्या हाती देतं. फाइलमध्ये जे नाव, ते दिसणार.

मी सहज 'अ' लिहून टॅब दाबली. 'अ'चं दुसरं कुणी यादीत नाही, त्यामुळे शेलने न विचारता 'अण्णा' पुरं केलं. अण्णा म्हणजे माझे थोरले बंधू, याचे वडील. गेल्या श्रावणात गेले.

दोघंही गप्प. मग तो म्हणाला, "काका, गेलेल्यांची नावं टॅबमधून गाळतो. एका ओळीचं काम आहे. फाइलमध्ये राहतील."

"पत्ता तर तोच आहे ना? वहिनी तिथेच राहतात."

"आईचं नाव वेगळं आहे यादीत."

"असू दे. वर्षश्राद्ध होईपर्यंत तरी राहू दे."

त्याने फाइल तशीच बंद केली आणि सांगलीची एस.टी. गाठायला निघाला.