जबड्याच्या हाडाचा जमाखर्च

जबडा आणि स्टेरॉइड हे दोन शब्द महाराष्ट्रातील अनेक घरांनी प्रथमच एकत्र ऐकले ते 2021 साली. कोविडमधून उठलेल्या काही रुग्णांना म्युकरमायकोसिसने गाठले. ही बुरशी वरच्या जबड्याच्या हाडात शिरली आणि कित्येकांना जबड्याचा भाग गमवावा लागला. आटोक्याबाहेर गेलेला मधुमेह आणि गरजेहून अधिक घेतले गेलेले स्टेरॉइड ही त्यामागची प्रमुख कारणे मानली गेली. त्याआधीच, जून 2020 मध्ये, ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीने दाखवून दिले होते की डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड रोज 6 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त 10 दिवस दिल्यास व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. तारणारे आणि अपाय करणारे औषध एकच होते. फरक होता तो मात्रेचा, मुदतीचा आणि गरज पारखण्याचा.

जबड्याची ती हानी बुरशीने केली. परंतु बुरशी नसतानाही हे औषध हाडावर हळूहळू परिणाम करीत असते. त्याचा गाजावाजा होत नाही, म्हणूनच तो समजून घेणे अगत्याचे आहे.

या औषधाचा इतिहास आशेने सुरू झाला. सप्टेंबर 1948 मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिसोन टोचले. काही दिवसांतच ती चालू लागली. 1950 साली हेंच, केंडल आणि राइशस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र दीर्घकाळ औषध घेणाऱ्यांचे चेहरे सुजू लागले, साखर वाढू लागली आणि हाडे ठिसूळ होऊ लागली. शरीरातच हे संप्रेरक प्रमाणाबाहेर तयार झाले तर काय होते, याचे वर्णन हार्वी कुशिंग यांनी 1932 मध्येच केले होते. हाडांचा दुबळेपणा त्यातही होता.

हाड ही दगडासारखी निर्जीव वस्तू नव्हे. तेथे अखंड जमाखर्च चालू असतो. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुने हाड विरघळवतात, म्हणजे नावे टाकतात. ऑस्टिओब्लास्ट पेशी नवे हाड रचतात, म्हणजे जमा करतात. दोन्ही बाजू जुळल्या की हाड मजबूत राहते. दात धरून ठेवणाऱ्या जबड्याच्या हाडात तर ही उलाढाल विशेष वेगाने होते, कारण चावण्याचा भार त्याच्यावर रोज पडत असतो.

या पेशींचा अभ्यास करण्यासाठी संशोधक अक्कलदाढ काढताना निघालेला हाडाचा लहानसा तुकडा रुग्णाच्या संमतीने प्रयोगशाळेत नेतात. पोषक द्रव असलेल्या बशीत तो 37 अंश सेल्सिअस तापमानाला ठेवला की काही दिवसांत त्यातून पेशी बाहेर सरकतात आणि बशीच्या तळाशी पसरतात. मग काही बशांत स्टेरॉइड घालतात, काहींत घालत नाहीत, आणि दोहोंची तुलना करतात. पेशी किती वाढल्या ते मोजतात. अल्कलाइन फॉस्फेटेज या विकराचे प्रमाण पाहतात. शेवटी कॅल्शियमला लाल रंग देणारे अ‍ॅलिझरिन वापरून हाडासारखा थर जमला की नाही ते तपासतात.

या कामात एक कोडे समोर येते. एक लिटर द्रवात साधारण 4 ते 40 मायक्रोग्रॅम एवढे अल्प डेक्सामेथासोन, सोबत क जीवनसत्त्व आणि फॉस्फेटचा पुरवठा, असे मिश्रण दिले की अपरिपक्व पेशी हाड रचणाऱ्या पेशींत रूपांतरित होतात. तीनएक आठवड्यांत बशीत लाल ठिपके उमटतात. जगभरच्या प्रयोगशाळांत हाडाच्या पेशी तयार करण्याची ही नेहमीची कृती आहे. परंतु मात्रा वाढवली आणि संपर्क लांबवला की चित्र पालटू लागते. पेशींचे विभाजन मंदावते, हाडाचा पाया असलेल्या कोलाजेनची निर्मिती घटते, काही पेशी मरतात. शिवाय हाड विरघळवणाऱ्या पेशींना आवरणारा संदेश क्षीण होतो आणि त्यांना चेतवणारा संदेश बळावतो. जमा घटते आणि खर्च वाढतो.

हे प्रयोग जबड्याच्याच पेशींवर करण्याला कारण आहे. गर्भावस्थेत जबड्याचे हाड ज्या पेशीसमूहापासून घडते, तो हातापायांच्या हाडांच्या पेशीसमूहाहून वेगळा असतो. एकाच व्यक्तीच्या जबड्यातील आणि कमरेच्या हाडातील पेशी बशीत सारख्या वागत नाहीत. म्हणून कमरेच्या हाडावरचा निष्कर्ष जबड्याला जसाच्या तसा लावता येत नाही. तसेच बशीतला निष्कर्षही माणसाला सरळ लागू होत नाही, कारण बशीत रक्ताभिसरण नाही, चावण्याचा भार नाही आणि ज्या रोगासाठी औषध घेतले तो रोगही नाही. संधिवाताची सूज स्वतःच हाड पोखरत असते. अशा वेळी ती सूज शमवणारे स्टेरॉइड रुग्णाचा आधारही ठरते.

व्यवहारात अडचण येते ती निराळ्याच ठिकाणी. भुसार मालाच्या पेढीवर आयुष्य घालवलेले एखादे वडीलधारे गृहस्थ दात काढायला जातात. डॉक्टर विचारतात, “काका, कोणती औषधे चालू आहेत?” ते म्हणतात, “बीपीची एक गोळी, बाकी काही नाही.” सोबत आलेली सून हळूच आठवण करून देते, “अण्णा, दम लागला की घेता ती पांढरी गोळी?” “ती काय रोजची आहे? हंगामापुरती घेतो.” ती गोळी प्रेडनिसोलोनची असते. चिठ्ठी जुनी, दुकानदार ओळखीचा आणि धुळीचा हंगाम वर्षातून तीनदा. वहीतली एक रक्कमही न चुकणाऱ्या माणसाच्या हिशेबातून हीच नोंद नेमकी सुटते. दात काढल्यावरची जखम भरायला वेळ का लागतो, जंतुसंसर्ग का होतो, याचे उत्तर कधीकधी त्याच सुटलेल्या नोंदीत असते.

रोज 2.5 मिलिग्रॅम वा त्याहून अधिक प्रेडनिसोलोन तीन महिन्यांहून जास्त घ्यायचे असेल, तर हाडांची तपासणी करून घ्यावी, अशी अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांची शिफारस आहे. हाडाची झीज पहिल्या काही महिन्यांतच सर्वाधिक वेगाने होते, म्हणून ही तपासणी लांबवू नये. हाडे वाचवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या बिस्फॉस्फोनेट गोळ्यांचीही माहिती दंतवैद्यांना असायला हवी. क्वचित प्रसंगी त्या औषधांमुळे दात काढल्यानंतर जबड्याचे हाड उघडे पडून मृत होते, हे 2003 पासून ज्ञात आहे. शक्य असल्यास दातांची कामे ती औषधे सुरू होण्यापूर्वीच उरकावीत. दम्याचा पंप ओढून घेतला जातो, त्यामुळे त्यातील स्टेरॉइडची मात्रा पुष्कळ कमी असते. तो घेतल्यावर चूळ भरावी, म्हणजे तोंडात बुरशी धरत नाही.

हे वाचून कोणी आपली गोळी एकाएकी बंद करू नये. दीर्घकाळ बाहेरून स्टेरॉइड मिळाल्यावर शरीर स्वतःचे संप्रेरक बनवणे थांबवते. अशा वेळी औषध अचानक तोडल्यास जीव धोक्यात येऊ शकतो. मात्रा उतरवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पायरीपायरीने. घरच्यांनी करण्याजोगे काम साधे आहे: घरातील प्रत्येक वडीलधाऱ्यांच्या औषधांची यादी नाव, मात्रा आणि सुरू केल्याच्या तारखेसह एका कागदावर लिहावी, ‘हंगामापुरत्या’ गोळीलाही त्यात जागा द्यावी आणि दातांच्या दवाखान्यात जाताना तो कागद खिशात ठेवावा.