तंजावूरचे शस्त्रगोपुर आणि मानेवरची मिठी

तंजावूरच्या राजवाड्यात मराठी पर्यटक सरस्वती महाल ग्रंथालय पाहतो, दरबाराच्या रंगीत कमानींखाली फोटो काढतो आणि निघतो. देवळाच्या शिखरासारखे दिसणारे आठमजली कूडगोपुरम् तो लांबूनच पाहतो. टेहळणीचा हा मनोराच भोसल्यांचे शस्त्रागार होता. नायक राजांचा हा वाडा शिवरायांचे सावत्रबंधू व्यंकोजीराजे यांच्याकडे आला आणि १८५५ पर्यंत त्यांच्या वंशाकडे राहिला. त्या साली राजे पुत्राविना वारले, कंपनीने राज्य गिळले. इथल्या निवडक नक्षीदार कट्यारी पाहायला आता चेन्नईचे सरकारी संग्रहालय गाठावे लागते.

पण याच कुळातले सर्वांत गाजलेले शस्त्र मुठीत मावणारे होते, ते म्हणजे वाघनख. प्रतापगडाची भेट १० नोव्हेंबर १६५९ ची. तिची हकिकत कृष्णाजी अनंत सभासदाने लिहिली तीही तमिळ मुलखात, जिंजीला, राजाराम महाराजांसाठी. ती नीट वाचली तर वाघनख मधल्या पायरीवर येते. आधी खानाने महाराजांची मान काखेत दाबली. मग त्याचा वार अंगातल्या जरीच्या कुडत्यावर खरखरला. त्यानंतर डाव्या हाताचे वाघनख, उजव्या हाताचा बिचवा, मान हिसडून सोडवणे आणि चौथऱ्याखाली उडी.

मुलींना स्वसंरक्षण शिकवताना अनेकदा फक्त वाघनखच शिकवले जाते. डोळ्यांत बोटे घाल, चावा घे, जांघेत गुडघा मार! सल्ला चुकीचा नाही. रस्त्यावर पंच नसतो, तिथे कसला आलाय धर्मयुद्धाचा नियम? पण मान दुसऱ्याच्या काखेत असताना बोटे डोळ्यांपर्यंत पोचतात कुठे? शिवाय धडपडीत तोल गेला, तर वजनदार माणूस अंगावर कोसळतो.

तालमीत म्हणूनच आधी पवित्रा घटवून घेतात. पाय फाकवायचे, कंबर खाली, हनुवटी छातीशी. मान पकडली गेलीच, तर तोंड त्याच्या अंगाकडे वळवायचे म्हणजे श्वासनळी दबत नाही, आणि दोन्ही हातांनी त्याचा हात खाली ओढायचा. श्वास मिळाला, पाय टिकले, की मग चिमटा, चावा, कोपर, जे सुचेल ते. हे वाचून येत नाही. जोडीदाराबरोबर, सांभाळून, पुन्हापुन्हा करावे लागते.

आणि सुटका झाली, की पळायचे. सभासदाचे महाराजही मान सुटताच तिथे थांबले नाहीत.