थव्याची अनुकृती

कलेतील अनुकृतीचा विचार वर्गात मांडताना आम्ही एक चित्रफीत दाखवीत असू. २१ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील तळ्यावर सुमारे एक हजार ड्रोन उडविण्यात आले, त्या प्रयोगाची. 'ड्रिफ्ट' या डच कलावंतद्वयाची ही कृती. प्रत्येक ड्रोनला एक दिवा आणि साऱ्यांची हालचाल स्टार्लिंग पक्ष्यांच्या थव्यावर बेतलेली. स्टार्लिंग म्हणजे आपल्या साळुंकीच्या कुळातलाच पक्षी. हिवाळ्यात उजनीकडे भोरड्यांचे थवे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ती लय नव्याने सांगायला नको. थवा आक्रसतो, फाटतो, पुन्हा सांधतो आणि नेता कोणीच नसतो. रोमच्या आकाशातील थव्यांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात असे दिसले की प्रत्येक पक्षी केवळ सहासात शेजाऱ्यांचे भान राखतो.

एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, त्या रात्री खरे पक्षी कुठे होते?"

आम्ही निरुत्तर झालो. ऑक्टोबर हा तेथील स्थलांतराचा ऐन काळ. लहान पक्षी प्रायः रात्री प्रवास करतात आणि त्या काँक्रीटच्या शहरात हे उद्यानच त्यांचा विसावा. तळ्याकाठी प्रेक्षक मोहून वर पाहत असताना पक्षिनिरीक्षकांनी आक्षेप घेतला होता, हे आम्ही नंतर वाचले. शहरात आधीच एवढा झगमगाट, काचेच्या इमारतींवर आपटून पक्षी मरतातच. मग काही मिनिटांच्या दिव्यांचे काय एवढे? खरे सांगायचे तर आमचाही पहिला विचार हाच होता.

त्याच शहरात ११ सप्टेंबरच्या स्मरणार्थ दरवर्षी दोन प्रकाशस्तंभ उभारतात. त्यांच्या सात रात्रींच्या निरीक्षणांवरून २०१७ मध्ये अनुमान निघाले, की सुमारे अकरा लाख पक्षी त्या प्रकाशाने प्रभावित झाले. ते झोतात घिरट्या घालीत, एकसारखे ओरडत. दिवे मालवताच काही मिनिटांत पांगत. म्हणून तेथे पक्षी मोजले जातात. संख्या हजारापलीकडे गेली की सुमारे वीस मिनिटे अंधार केला जातो. स्मारकाचा तो अंधारही आम्हांला कृतीचाच भाग वाटतो.

अर्थात ड्रोनचा दिवा म्हणजे तो प्रखर झोत नव्हे. दोन्ही एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. पण ड्रोन म्हणजे नुसता दिवाही नव्हे. मे २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातील बोल्सा चिका पाणथळीत एकच ड्रोन कोसळला. तेथे कलाप्रयोग वगैरे काही नव्हता. विणीवर आलेले टर्न पक्षी बिथरून उडाले ते घरट्यांकडे परतले नाहीत आणि सुमारे दीड हजार अंडी वाळूवर उघडी राहिली.

संहितेबाहेर पाहू नये, असे आम्ही वर्षानुवर्षे शिकवले. या कृतीची संहिता मात्र आकाशावर लिहिलेली आहे आणि ते आकाश कोरे नव्हते. (सेंट्रल पार्कमध्येच १८९० मध्ये साठेक स्टार्लिंग सोडण्यात आले होते. शेक्सपिअरच्या नाटकांतले पक्षी अमेरिकेत आणण्यासाठी, ही कथा आम्ही फार रंगवून सांगत असू. तिलाही समकालीन पुरावा सापडत नाही. असो.)

चित्रफीत आम्ही अजूनही दाखवतो. ती सुंदरच आहे. फक्त दिवे मालवण्यापूर्वी फळ्यावर महिना लिहितो.